तागाच्या शहरातील नवी विद्या

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदी जेथे रुंदावत रुंदावत समुद्रास मिळते, तेथे तिच्या उत्तर काठी वसलेले डंडी हे शहर आपल्या देशाच्या आर्थिक इतिहासात एका विशिष्ट नात्याने परिचित आहे. बंगालच्या पाणथळ शेतांत पिकणारा ताग एकोणिसाव्या शतकात जहाजांत भरून ज्या बंदरात उतरे आणि तेथील गिरण्यांतून गोणपाट, पोती व तंबूंचे कापड होऊन पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र पसरे, ते हे बंदर होय. याच शहराचे नाव विसाव्या शतकाच्या अखेरीस एका सर्वस्वी निराळ्या धंद्याशी, संगणकावर खेळावयाचे खेळ रचण्याच्या धंद्याशी, जोडले गेले. १९९७ साली तेथील ॲबर्टे विद्यापीठाने संगणकीय खेळांच्या तंत्रविद्येची पदवी सुरू केली; या विषयाची ती जगातील पहिली पदवी मानली जाते. त्याच साली, त्याच शहरात घडलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ हा खेळ बाजारात आला. आणि तो घडविणाऱ्या कंपनीचे जे आद्य सभासद होते, त्यांनी ही विद्या कोणत्याही शाळेच्या वर्गात घेतलेली नव्हती.

खेळ रचण्याची विद्या रीतसर विद्यालयात जाऊन शिकावी की घरच्या घरी, स्वतःच्या बळावर हस्तगत करावी, हा प्रश्न आज अनेक घरांत मुलगा बारावीला आला की उपस्थित होतो, आणि बहुधा तो दोन्ही बाजूंच्या यशस्वी पुरुषांची नावे एकमेकांच्या तोंडावर फेकून सोडविला जातो. पदवी न घेता कीर्ती मिळविणारे चार जण एका बाजूस आणि पदवीच्या आधाराने वर आलेले चार जण दुसऱ्या बाजूस उभे केले, म्हणजे वाद करण्यास मुबलक सामग्री मिळते, पण ही विद्या माणसाच्या अंगी येते कशी, याचा उलगडा त्यातून होत नाही. डंडीचा इतिहास मला या बाबतीत अधिक उपयुक्त वाटतो, तो अशासाठी, की तेथे हे दोन्ही मार्ग एकाच गावात, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत, एकातून दुसरा असे निघाले.

तागाच्या अंमलापासूनच या गावात काम आणि शिक्षण यांचे नाते विलक्षण होते. ताग हा मुळात राठ आणि चिवट. यंत्रावर कातू लागले की तो तुटे. डंडीची जहाजे उत्तरेच्या हिमसमुद्रात देवमाशांच्या शिकारीला जात आणि त्यांनी आणलेले तेल गावात हवे तेवढे असे. हे तेल आणि पाणी यांत तंतू भिजविले असता ते मऊ होऊन यंत्राला वश होतात, ही युक्ती १८३० नंतरच्या दशकात तेथे साधली आणि गावाचा कायापालट झाला. लॉखी या उपनगरातील कॉक्स बंधूंच्या कॅम्परडाउन गिरणीत भरभराटीच्या काळी सुमारे पाच हजार माणसे राबत. त्यांत स्त्रिया बहुसंख्य असत, आणि मुलेही असत. अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत घालविणाऱ्या मुलांची एक प्रथाच तेथे कायद्याच्या संमतीने रूढ होती. सकाळी यंत्राखाली शिरून धुरळा काढावा आणि दुपारी डोळ्यांवर झापड घेऊन बाकावर बसावे, असा त्या मुलांचा क्रम. गिरणीतले कसब शाळेत येत नसे आणि शाळेतले अक्षर गिरणीत कामास पडत नसे. दोन्हींच्या मध्ये त्या मुलांचे बालपण मात्र खर्ची पडे. पुढे धंद्याला जाणकार माणसे लागू लागली, तेव्हा १८८८ साली गावात एक तंत्रशिक्षण संस्था स्थापन झाली. ती येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण शंभर वर्षांत अनेक नामांतरे होत तीच संस्था १९९४ साली ॲबर्टे विद्यापीठ झाली.

डंडीचे कसब फार काळ डंडीत राहिले नाही. १८५५ मध्ये हुगळीच्या काठी रिश्रा येथे तागाची पहिली यांत्रिक गिरणी उभी राहिली. मग तेथील गिरण्यांवर देखरेख करण्यासाठी डंडीचेच मुकादम आणि व्यवस्थापक जहाजे भरून कलकत्त्यास जाऊ लागले, आणि शतक संपण्यापूर्वीच कलकत्त्याने डंडीला मागे टाकले. आपल्याच माणसांनी नेलेल्या विद्येमुळे आपला धंदा बुडावा, हा अनुभव त्या गावाने आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीच घेतला होता.

ताग ओसरत गेला तसतशी दुसरी कामे शोधणे भाग पडले. दुसरे महायुद्ध संपताच टायमेक्स या अमेरिकन घड्याळ कंपनीने डंडीत कारखाना काढला आणि पुढील तीस वर्षांत तेथील कामगारांची संख्या सात हजारांच्या आसपास गेली. येथेही स्त्रियाच अधिक, कारण बारीक पुर्जे जुळविण्याचे बोटांतले कसब गिरण्यांतून आलेल्या घराण्यांत पिढीजात होते. १९७० नंतर चावीच्या घड्याळांची मागणी घटली, तेव्हा कंपनीने इतरांची कामे मक्त्याने घेण्यास आरंभ केला. त्या मक्त्यांपैकी एक क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या छोट्या संगणकांचा होता: १९८१ मध्ये झेडएक्स ८१ आणि १९८२ च्या वसंतात झेडएक्स स्पेक्ट्रम. पहिल्याची जुळवलेली प्रत सत्तर पौंडांच्या आत मिळे. दुसऱ्याच्या लहान प्रतीची किंमत १२५ पौंड आणि मोठ्या प्रतीची १७५ पौंड होती. संगणक म्हणजे विद्यापीठाच्या किंवा बँकेच्या वातानुकूल दालनात ठेवावयाची वस्तू, अशी ज्या काळी समजूत होती, त्या काळी तो कामगाराच्या घरी, दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरता येऊ लागला. डंडीत तर आई किंवा मावशी तो दिवसा कारखान्यात जुळवीत असे. काही यंत्रे कारखान्याच्या मागल्या दाराने बाहेर पडून गुत्त्यांत अल्प किमतीत विकली जात, असे गावातील जुनी माणसे सांगतात. त्यात तथ्य किती ते असो, पण या गावातील मुलांच्या हाती हे यंत्र फार लवकर आले, एवढे निश्चित.

या यंत्राकडे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण खरा गुरू तेच होते. स्पेक्ट्रम हा एका जाडजूड पुस्तकाएवढा काळा पेटारा; त्यावर रबराच्या करड्या चाळीस कळा. वीज लावली की पडद्याच्या तळाशी कंपनीच्या हक्काची एक ओळ उमटे आणि एखादी कळ दाबताच तिच्या जागी एक लुकलुकणारे अक्षर येई. आता आज्ञा कर, असे ते यंत्र सांगत असे. दुसरे तेथे काहीच नसे. चित्रे नसत, याद्या नसत, कोणता खेळ खेळावयाचा हेही कोणी विचारीत नसे. ‘पी’ची कळ दाबली की ‘प्रिंट’ हा संपूर्ण शब्द उमटे, ‘जी’ची दाबली की ‘गो टू’, ‘जे’ची दाबली की ‘लोड’. बेसिक या संगणकभाषेतील आज्ञा अशा रीतीने कळांवर छापलेल्याच होत्या, त्यामुळे खेळ सुरू करण्यासाठी ‘लोड’ लिहिणारे मूल, त्याची इच्छा असो वा नसो, त्या भाषेचा पहिला शब्द उच्चारूनच खेळापर्यंत पोहोचत असे. मग कॅसेटवरून खेळ यंत्रात उतरेपर्यंत पाच-पाच मिनिटे कर्कश किंकाळ्या ऐकत बसावे लागे, आणि त्या अवधीत शेजारी पडलेले पुस्तक चाळले जाई. हे पुस्तक स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिले होते. यंत्राच्या पोटातील बेसिकचा मोठा भागही त्यांनीच रचलेला. ज्याने यंत्र बोलते केले त्यानेच त्याची भाषा समजावून सांगावी, असा योग पाठ्यपुस्तकांच्या इतिहासात विरळा. आरंभी मुलाला बेरीज करावयास सांगणारे ते पुस्तक शेवटच्या प्रकरणांत त्याला प्रोसेसरच्या मूळ आकड्यांच्या भाषेच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडी, आणि तेही कोठेही त्याला मूल न समजता.

मासिकांत संपूर्ण खेळांच्या आज्ञावल्या छापून येत. मुलाने त्या ओळीमागून ओळ उतरवून घ्यावयाच्या, एखादा स्वल्पविराम चुकला की यंत्र ओळीचा क्रमांक सांगून थांबे, आणि मग छापील मजकूर व पडदा यांच्यामध्ये बोट फिरवीत चूक हुडकावयाची. कधी चूक मासिकाचीच निघे. नक्कल उतरता उतरता एखादा आकडा बदलून पाहण्याची बुद्धी होई. शत्रूचा वेग वाढे, आकाश लाल होई, आणि आपण बदलले म्हणून जग बदलले, हा अनुभव ज्याला बाराव्या वर्षी आला त्याला पुढे कोणी अभ्यासास बसविण्याची गरज राहत नसे. बेसिक फार मंद आहे हे मग आपोआप कळे, आणि ज्याला चेंडू खरोखर उसळता हवा त्याला झेड ८० प्रोसेसरच्या मूळ भाषेकडे वळणे प्राप्त होई. यंत्राच्या मर्यादाही शिकवीत असत. पडदा २५६ ठिपके रुंद व १९२ ठिपके उंच. पण आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत केवळ दोनच रंग भरता येत, त्यामुळे लाल वीर हिरव्या झाडाजवळून गेला की झाडही लाल होई. या अडचणीतून कोणी काळ्या पार्श्वभूमीचा आश्रय घेतला, कोणी संपूर्ण खेळ एकाच रंगात रेखाटला. चित्रकलेच्या शाळेत संयोजनाचे जे धडे देतात, ते या मुलांनी यंत्राच्या दारिद्र्याकडून घेतले. मॅथ्यू स्मिथ या किशोरवयीन मुलाने १९८३ साली एकट्याने ‘मॅनिक मायनर’ रचला आणि तो ब्रिटनभर घरोघरी पोहोचला, तेव्हा आपल्या शयनगृहात बसूनही खेळ रचता येतो, ही वार्ता प्रत्येक गावी गेली.

शाळा या काळात स्वस्थ बसल्या होत्या असे नव्हे. बीबीसीने संगणक-साक्षरतेची मोहीम हाती घेतली, तिच्यासाठी एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो हा संगणक १९८१ च्या अखेरीस बाजारात आणला, १९८२ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर पाठांची मालिका सुरू झाली, आणि माध्यमिक शाळेने यंत्र घेतल्यास निम्मा खर्च सरकारने उचलावा, अशी तजवीज झाली. सरकारने आणि लोकशिक्षण-संस्थेने मिळून केलेले हे कार्य थोर होते, यात मला शंका वाटत नाही. त्याची एक शाखा आपल्याकडेही आली: १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या उपक्रमात आपल्या निवडक शाळांना हीच बीबीसी मायक्रो यंत्रे देण्यात आली. परंतु शाळेतील यंत्राला कुलूप असे, तासाचे वेळापत्रक असे, आणि एका कळफलकाभोवती दहा डोकी असत. संगणक म्हणजे काय, हे शाळेने सांगितले; संगणकाशी रात्र रात्र झुंजण्याची मुभा घरातील यंत्राने दिली. बीबीसी मायक्रोवरील सर्वांत अजोड खेळ ‘एलिट’ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी रचलेला; पण त्यांचे विषय निसर्गविज्ञान आणि गणित हे होते. आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, एवढे विश्व त्यांनी बावीस किलोबाइटच्या आसपासच्या जागेत बसविले, तेही ग्रहांची यादी न साठविता, एका संख्येपासून दुसरी निष्पन्न करणाऱ्या सूत्राने प्रत्येक ग्रह गरजेच्या क्षणी उत्पन्न करून. असले सूत्र सुचण्यास गणिताची बैठक लागते; ती त्यांना विद्यालयाने दिली होती, आणि ती खेळात कशी वापरावी हे मात्र विद्यालयातील कोणी सांगितले नव्हते.

आता डंडीकडे वळू. तेथील किंग्जवे तांत्रिक महाविद्यालयाच्या इमारतीत हौशी लोकांचा एक संगणक क्लब भरत असे. १९८४ च्या सुमारास तेथे जमणाऱ्या तरुणांत डेव्हिड जोन्स, माइक डेली, रसेल के आणि स्टीव्ह हॅमंड हे चौघे होते. प्रत्येकाने आपापले यंत्र काखोटीस मारून आणावयाचे, आठवडाभरात जे साधले ते दाखवावयाचे, दुसऱ्याचे पाहून आपले सुधारावयाचे, असा तेथला परिपाठ. त्यांना तेथे अध्यापक नव्हता, परीक्षा नव्हती. परंतु जागा, वीज आणि मेजे एका सार्वजनिक शिक्षणसंस्थेची होती, ही गोष्ट स्वयंशिक्षणाच्या कथांत नेहमी गाळली जाते. जोन्स हे टायमेक्समध्येच उमेदवार म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचे काम शिकले होते. कारखान्यात माणसे कमी करण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी स्वेच्छेने नोकरी सोडली, मिळालेल्या रकमेतून अमिगा हा नवा व महाग संगणक विकत घेतला, आणि संगणकशास्त्र शिकण्यासाठी नाव घातले ते त्याच जुन्या तंत्रशिक्षण संस्थेत, जी पुढे ॲबर्टे झाली. विद्यार्थी असतानाच त्यांनी ‘मेनेस’ हा खेळ रचला; लिव्हरपूलच्या सिग्नोसिस कंपनीने तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला; आणि क्लबातील मित्र डीएमए डिझाइन या नावाखाली एकत्र आले. म्हणजे ज्याला आपण स्वयंशिक्षित म्हणतो त्या तरुणाच्या पाठीशी एक कारखाना, एक महाविद्यालयीन सभागृह, एक पदवीचा वर्ग आणि नुकसानभरपाईची रक्कम उभी होती.

या मंडळींनी केलेल्या कामाचा सर्वांत सुंदर नमुना ‘लेमिंग्ज’ हा होय, आणि त्याच्या जन्माची हकीकत पाहण्यासारखी आहे. १९८९ च्या ऑगस्टमध्ये एका दुसऱ्या खेळासाठी सैनिकांच्या आकृती काढण्याचे काम चालू होते आणि त्या किती लहान काढता येतील, यावर मित्रांत मतभेद झाला. आठ बाय आठ ठिपक्यांतही चालता माणूस दाखविता येतो, हे सिद्ध करण्यासाठी डेली यांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक चलच्चित्र तयार केले: चिमुकल्या माणसांची रांग डोंगर चढते आहे आणि वरून वजने पडून, तोफा झडून ती चिरडली जात आहेत. गॅरी टिमन्स यांनी त्या चालीला डौल आणला. पाहणाऱ्यांची हसून पुरेवाट झाली, आणि यात एक खेळ दडलेला आहे असे रसेल के यांनी त्याच वेळी बोलून दाखविले. पुढे आठ प्रकारची कामे त्या प्राण्यांना नेमून देता येतील असे ठरले. कोणी खणणारा, कोणी पूल बांधणारा, कोणी आडवा उभा राहून इतरांना परतविणारा. खेळाचे टप्पे रचण्यासाठी त्यांनी एक साधन बनविले, ते चित्र रंगविण्याच्या प्रोग्रॅमसारखे वापरता येई, म्हणून कोणालाही टप्पा रचता आला. मग स्पर्धा लागली. जोन्स एखादा टप्पा रचून, आता हा सोडवून दाखवा, असे अभिमानाने आव्हान देत; मित्र शांतपणे त्यांच्या सर्व सापळ्यांना बगल देणारी, त्यांनी योजलेल्या वाटेहून कितीतरी सोपी वाट दाखवीत; आणि जोन्स पुन्हा आपल्या मेजाकडे धाव घेत. असे एकशेवीस टप्पे तयार झाले आणि १४ फेब्रुवारी १९९१ रोजी खेळ प्रसिद्ध झाला. आपल्या रचनेतील भोक दुसऱ्याने दाखवावे आणि आपण ते बुजवावे, हा जो नित्याचा व्यवहार त्या खोलीत चालला, त्यालाच मी शिक्षण म्हणेन. त्याला पदवी मिळत नव्हती एवढेच.

यानंतर मात्र धंद्याचे मान पालटले. १९८३ मध्ये एका मुलाने जे केले त्याला १९९५ मध्ये वीस-तीस माणसे लागू लागली. पडद्यावर तिसरी मिती आली, आणि तिच्याबरोबर सदिश, सारणी व त्रिकोणमिती ही सामग्री अनिवार्य झाली. डीएमएमध्ये ‘रेस अँड चेस’ या नावाने ज्या खेळास आरंभ झाला, तो पोलिसांच्या गाड्यांच्या वागण्यातील एका दोषामुळे अनपेक्षितपणे रंगतदार झाला, असे त्यावर काम करणाऱ्या एकाने पुढे सांगितले आहे. तोच ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’. परंतु असा अपघात ओळखावयास आणि त्याला वळण लावावयास एकाच छताखाली प्रोग्रॅमर, चित्रकार, संगीतकार आणि व्यवस्थापक असावे लागतात, आणि त्यांना एकमेकांची भाषा समजावी लागते. हे कसब घरी एकट्याने येण्यासारखे नव्हते. गावातील क्लबाने दिलेली माणसे संपली होती, नवीन माणसे हवी होती, आणि स्पेक्ट्रमसारखी यंत्रे तोवर घरांतून नाहीशी झाली होती.

म्हणून १९९७ ची पदवी ही एका उणिवेची पूर्ती होती. ती दहा वर्षे आधी का निघाली नाही, याचेही कारण स्पष्ट आहे. १९८७ साली शिकविण्याजोगे स्थिर ज्ञान धंद्यापाशी नव्हते, जे होते ते प्रत्येकाच्या डोक्यात आणि प्रत्येकाचे वेगळे. शिक्षक आणावयाचे तरी कोठून? जेव्हा त्या मुलांनी स्वतः चुकतमाकत काही रीती सिद्ध केल्या, तेव्हाच अभ्यासक्रमास विषय मिळाला. तागासाठी स्थापलेल्या संस्थेने आपल्या गावात उगवलेला नवा धंदा ओळखून त्याला विद्येची सनद दिली, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तिने आणखी एक शहाणपण केले. शतकसंधीच्या सुमारास ‘डेअर टु बी डिजिटल’ ही स्पर्धा सुरू झाली, तीत विद्यार्थ्यांच्या छोट्या तुकड्यांनी उन्हाळ्याचे काही आठवडे एकत्र राहून, धंद्यातील जाणत्यांच्या नजरेखाली, एक खेळ मूळ कल्पनेपासून खेळता येण्याजोग्या स्थितीपर्यंत आणावयाचा असे. किंग्जवेच्या क्लबात जे आपोआप घडले, ते येथे हेतुपुरस्सर घडवून आणण्याचा हा प्रयत्न होता, आणि माझ्या मते त्या विद्यापीठाने केलेली ती सर्वांत मोलाची गोष्ट होय.

अटलांटिकपलीकडचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९८८ साली डिजिपेन ही संस्था निघाली, १९९८ मध्ये तिने अमेरिकेत रेडमंड येथे महाविद्यालय थाटले. तेथील विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये पूर्ण केलेला ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ हा खेळ पाहून व्हॉल्व्ह कंपनीने सबंध तुकडीलाच नोकरीत घेतले, आणि २००७ साली त्याच कल्पनेतून ‘पोर्टल’ हा अत्यंत नावाजलेला खेळ निघाला. या कंपनीचे संस्थापक गेब न्यूवेल हे हार्वर्डचे शिक्षण अर्ध्यावर सोडलेले गृहस्थ. दुसऱ्या टोकाला जॉन कार्मॅक. त्यांनी विद्यापीठात दोन सत्रे काढली आणि ते बाहेर पडले. स्वयंशिक्षितांच्या बाजूने त्यांचे नाव नेहमी सर्वप्रथम घेतले जाते. परंतु १९९३ च्या ‘डूम’ या त्यांच्या खेळात कोणती भिंत पुढे व कोणती मागे हे क्षणार्धात ठरविणारी जी युक्ती आहे, तिचे मूळ हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर या संशोधकांच्या १९८० च्या विद्वत्प्रबंधात आहे. कार्मॅक यांचा थोरपणा त्याने कमी होत नाही. तो प्रबंध शोधून वाचणे आणि साध्या घरगुती संगणकावर चालविणे हे काम सामान्य नव्हे. पण तो लिहिला गेला एका विद्यापीठात, आणि कोणाच्या तरी पगारावर.

डंडीतील पुढील घडामोडी दुःखद आहेत. १९९३ मध्ये टायमेक्समध्ये दीर्घ आणि कडवट संप झाला आणि त्याच वर्षी कारखाना कायमचा बंद पडला. डीएमए डिझाइन हातोहाती विकली जाऊन एडिंबरोस गेली आणि अखेर रॉकस्टार नॉर्थ झाली. जोन्स यांनी २००२ मध्ये उभारलेली रिअलटाइम वर्ल्ड्स ही कंपनी एका प्रचंड खेळाच्या अपयशाने २०१० च्या ऑगस्टमध्ये कोसळली आणि शेकडो माणसे एकाच वेळी रस्त्यावर आली. तरीही गाव ओस पडले नाही. त्या माणसांनी गावातच लहान लहान कंपन्या काढल्या, तेथेच असलेल्या ४जे स्टुडिओज या कंपनीने ‘माइनक्राफ्ट’ची एक्सबॉक्स आवृत्ती २०१२ मध्ये केली, आणि दरवर्षी विद्यापीठातून नवे पदवीधर बाहेर पडत राहिले. धंदा गेला की विद्याही जाते, असे तागाच्या वेळी झाले होते. या वेळी गावात विद्यालय होते म्हणून माणसे टिकली, असा माझा ग्रह आहे.

याच सुमारास ब्रिटनमध्ये सर्वत्र एक चिंता व्यक्त होऊ लागली. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांपाशी पूर्वीची हातोटी राहिलेली नाही, असे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. २०११ साली इयन लिव्हिंग्स्टन आणि ॲलेक्स होप यांच्या अहवालाने स्पष्ट सांगितले, की शाळांत संगणकाच्या नावाखाली पत्रे टंकित करणे आणि कोष्टके भरणे शिकविले जात आहे, संगणक घडविणे व चालविणे नव्हे. घरातील नवी यंत्रेही बंद पेट्यांसारखी झाली होती. ती सुरू करताच खेळ दिसे, आज्ञेची वाट पाहणारे ते अक्षर दिसत नसे. स्वयंशिक्षणाचा ओघ आटला, तो मुलांची बुद्धी आटली म्हणून नव्हे. त्यांना शिकविणारे यंत्रच बाजारातून गेले होते. या वेळी जी मंडळी उपाय शोधण्यास पुढे आली त्यांत ‘एलिट’चे डेव्हिड ब्रेबेन होते, अप्टन यांच्यासह ते रास्पबेरी पाय प्रतिष्ठानच्या संस्थापकांत होते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पस्तीस डॉलरांचा, उघड्या पट्टीचा तो संगणक विक्रीस आला, आणि पुढल्याच वर्षी त्यासाठी ‘माइनक्राफ्ट’ची एक विनामूल्य आवृत्ती निघाली, जिच्या आतील घरे आणि डोंगर मुलांनी पायथन भाषेत आज्ञा लिहून उभारावयाचे होते.

केवळ स्वस्त यंत्र दिल्याने काम भागणार नाही, हेही त्यांना लवकरच उमगले असावे. २०१२ सालीच ब्रिटनमध्ये कोड क्लब नावाची चळवळ सुरू झाली होती, ती २०१५ मध्ये रास्पबेरी पाय प्रतिष्ठानात सामील झाली. तिचे क्लब बहुधा प्राथमिक शाळांच्या इमारतींत, शाळा सुटल्यानंतर भरतात. चालविणारे स्वयंसेवक असतात, त्यांना वेतन नसते आणि मुलांना गुण मिळत नाहीत. मुले आपापले खेळ रचतात आणि शेजारच्याला खेळावयास देतात.